सिंधूची भुकटी आणि रंगूबाईचा पाय

माझी धाकटी जाऊ सिंधू अळ्या पाळते. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा समोरच्या वहिनींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. रेशमाच्या का, म्हणून विचारलं. म्हटलं, कसल्या रेशमाच्या! मारायला पाळते.

पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या गावी, मागच्या पडवीत तिचे डबे असतात. त्यात मेणपतंगाच्या गुबगुबीत अळ्या. त्यांच्यावर ती डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी सोडते. कृमी अळीत शिरतात, पोटात आणलेला जिवाणू तिथे सोडतात, आणि अळी विटकरी लाल होऊन मरते. मग तिच्यात कृमींची पुढची पिढी वाढते. ते कृमी भुकटीत मिसळून सिंधू विकते. ही भुकटी पाण्यातून उसाच्या मुळाशी पाजली, की मुळं खाणारी हुमणी अशीच लाल होऊन संपते. मेलेली अळी अंधारात मंद चमकते म्हणे. ते दाखवायला एकदा तिने मला दार लावून कोठीच्या खोलीत उभं केलं. मी किंचाळले. ती म्हणाली, "कशी गोड दिसतीये बघा ना, जाऊबाई!" अशी ही बाई. कुणाला दागिन्यांचं वेड असतं, हिला अळ्यांचं.

गावात तिच्या भुकटीवर पहिला विश्वास टाकला तो शेजारच्या रंगूबाईने. दरवर्षी तिच्या उसाला भुकटी पाजायची ती दोघी मिळूनच. ओल्या वावरात चप्पल रुतते म्हणून अनवाणी, आणि भुकटी पाण्यात कालवायची ती हातानेच, पीठ भिजवल्यासारखी.

यंदा भुकटी पाजल्यावर थोड्याच दिवसांत रंगूबाईच्या पोटरीवर गळू आलं. फुटलं, पसरलं, एक बरं होतंय तोवर शेजारी दुसरं. शेवटी तिला नाशिकला दवाखान्यात आणलं. डॉक्टर विचारत, शेतात काही फवारलं का, कशाला हात लावला का? रंगूबाईचं एकच, "काटा लागला." औषधं बदलत होती, पाय काही ऐकत नव्हता. कापावा लागेल की काय, अशी कुजबुज सुरू झाली.

सिंधू तिला भेटायला आली, ती माझ्याकडेच उतरली. दवाखान्यातून परतली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. जेवणाचं ताट तिने तसंच सरकवलं. मग एकदम म्हणाली, "जाऊबाई, माझ्या कृमीतला जिवाणू तिच्या पायात गेला असंल तर?"

माझे दीर वाल्मीक फोनवर ओरडले, "डॉक्टरला काय बोलू नको! गावात कळलं तर कोण घेईल तुझी भुकटी?" त्यांचंही चूक नव्हतं. सगळा संसार त्या डब्यांवर उभा होता. सिंधूने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि सकाळी पिशवीत भुकटीचं पाकीट घालून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी बरोबर होते. तिने भुकटीचं सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला, की बाहेर आल्यावर मी तिला उगाचच पदर नीट घे म्हणून रागावले.

डॉक्टरांनी पायातला पू आणि भुकटी, दोन्ही तेजस्विनी नावाच्या संशोधक मुलीकडे पाठवलं. तिकडे सिंधूने डबे रिकामे केले. शिल्लक भुकटी उकळत्या पाण्यात ओतली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, सध्या नाही.

निकाल सांगायला तेजस्विनी स्वतः गावी आली, तोवर रंगूबाई घरी परतली होती. जखम भरत होती, काठी टेकत का होईना चालत होती. ओट्यावर आम्ही सगळे जमलो. तेजस्विनी म्हणाली, दोन्ही जिवाणूंचा जीनोम, म्हणजे त्यांची जनुकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि शेजारी-शेजारी लावून पाहिली. दोघं एकाच कुळातले, पण जाती वेगळ्या. सिंधूबाईंचा फक्त किड्यांना मारणारा, माणसाच्या अंगाच्या उष्णतेत तो तगत नाही. पायात होता तो मातीतला दुसरा. तो किड्यांनाही धरतो आणि क्वचित माणसालाही.

"म्हंजे आपल्या मोऱ्यांसारखं," सिंधू हळूच म्हणाली. "अर्धं गाव मोरे, पण सगळे काय भाऊबंद नाय."

"अगदी तसंच," तेजस्विनी हसली. "आणि तुम्ही भुकटीचं सांगितलंत म्हणूनच आम्ही या कुळात शोधलं. एरवी आमच्या मशीनने भलतंच नाव दिलं होतं. नाव कळलं म्हणून औषध बदललं आणि पाय वाचला."

रंगूबाईची काठी ओट्यावर आपटली. "सिंधे, तू सांगितलं डॉक्टरला? आन मी येड्यागत काटा काटा करत बसले, ते कोनासाठी? तुझं नाव येऊ नाय म्हनून दात दाबून पडले होते मी तिथं!"

ही बाई पाय गमावायला निघाली होती, आणि कारण कुणालाच माहीत नव्हतं.

मग सिंधूही भडकली. "आन तुझा पाय गेला असता, तर ती भुकटी काय चाटायची होती मला?"

दोघी एकमेकींवर डोळे वटारून बसल्या. आधी सिंधूचा बांध फुटला. ती पदरात तोंड घालून रडत होती. रंगूबाईने तिला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "डबे बंद केले म्हनं. उद्यापासून चालू कर. माझा खालचा ऊस राहिलाय अजून."