नावेच्या पोटातला वास

साखरखेर्ड्यात माझं गॅस-शेगड्या दुरुस्त करायचं दुकान आहे. खडकपूर्णेच्या धरणात मासेमारी करणारा एक ओळखीचा माणूस गेल्या वर्षी आला होता. त्याच्या जुन्या लोखंडी नावेवर मीच शेगडी बसवून दिली. सिलिंडर नावेत लोळू नये म्हणून फळ्यांखाली, तळाशी आडोसा करून ठेवला. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात. गेलो. नावेत त्याची म्हातारी आईही होती. त्या दिवशी अमावस्या होती, म्हणून आधी तिच्या गावावर कापूर लावायचा आणि मग शेगडी बघायची असं ठरलं. तिचं गाव धरणात गेलं आहे. दर अमावस्येला ती त्या जागेवर नारळ वाहते.

भर दुपार होती. नाव चालती होती तोवर वारा लागत होता. नांगर टाकला आणि सगळं थांबलं. पाण्यावर सुरकुती नाही, एक बगळा नाही. आणि मग तो वास आला. म्हातारी डोळे मिटून हसली.

"गाव आलं," ती म्हणाली.

होळीपासून इथं थांबलं की हा वास येतो, असं लेकानं सांगितलं. पाणी उतरलं की खालचं गाव श्वास सोडतं, असं आई म्हणते. ती रोज इथं फळ्यांवर पालथी पडून राहते. रोजचा स्वयंपाक इथंच नांगर टाकून व्हायचा, सिलिंडर इथंच उघडला जायचा, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी तो वास दुकानात रोज घेतो. गॅसचा वास. म्हातारीनं काडी ओढली होती, पण पेटी ओलसर, ती पेटली नाही. तिनं दुसरी काढली.

"मावशी, काडी ओढू नका," मी म्हणालो आणि तिचा हातच धरला. जरा जोरातच धरला. पेटी पाण्यात पडली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवच बाटवला.

लेकाला मोबाइल बंद करायला लावला. फळ्या उचलल्या. सकाळच्या चहानंतर रेग्युलेटर तसाच चालू राहिला होता आणि नळी लोखंडावर घासून चिरली होती. तिला कशाचंही आवरण न घालता तिथून ओढली होती ती मीच. स्वतःला मनात चार शिव्या हासडल्या आणि रेग्युलेटर बंद केला.

पण तेवढ्यानं भागत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, पाण्यासारखा तळाशी साचून राहतो. मग आम्ही प्लास्टिकच्या बादल्या घेतल्या आणि तो उपसायला लागलो. रिकामी बादली तळाशी न्यायची, भरल्यासारखी अलगद उचलायची, काठावरून उपडी करायची. काहीच पडत नव्हतं. आवाज नाही, पाण्यावर थेंब नाही. बघणाऱ्याला आम्ही वेडेच वाटलो असतो, पण बघायला कोणीच नव्हतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

म्हातारी प्रत्येक बादलीकडं बघत हळू आवाजात बोलू लागली. हा कुंभारवाडा. हा मारुतीचा पार. हे माझ्या सासूचं अंगण. तिचं बोलणं ऐकता ऐकता माझी बादली खरंच जड लागायला लागली. थांबा म्हणायचं माझं धाडस झालं नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं वारा सुटला. वास गेला. मी सिलिंडर वर, उघड्यावर आणून बांधला, नवी नळी घातली, गळती दिसावी म्हणून जोडांना साबणाचा फेस लावला. म्हातारीला सगळं समजावून सांगितलं. चूक माझीच होती हेही सांगितलं.

शेवटच्या जोडावर एक बारीक बुडबुडा फुगत होता. लेक नांगर ओढायला पुढं गेला, तेव्हा ती माझ्याजवळ सरकली.

"भाऊ, थोडासा वास राहू देता येत नाही का?"

माझा पाना थांबला. मग मी तिच्याकडं न बघता नट आवळला, बुडबुडा बसेपर्यंत.