मोटारीशेजारचा माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी टूलरूमला आहे. फावल्या वेळात ड्रायपॉइंट करतो — तांब्याच्या पत्र्यावर सुईनं चित्र कोरायचं, खाचांत शाई भरायची, ओलसर कागदावर छाप घ्यायचा. जुन्या मोटारींचं मला वेड. ते कळल्यावर आमच्या शिफ्टच्या सोनवणेमामांनी थेरगावच्या घरून एक फोटो आणला. कुणा शेठजींची जुनी मोटार, आणि बॉनेटवर हात ठेवून उभा ड्रायव्हर — मामांचे वडील. मामा पाळण्यात असतानाच ते गेले. त्यांचा तेवढाच फोटो. "जपून हं, भावा," एवढंच मामा म्हणाले.

मोटार झकास उतरली. मडगार्डची गोलाई, चाकांच्या तारा — मी स्वतःवरच खूश! चेहरा मात्र ट्रेसिंग पेपरमधून दिसेना. मग मी काय केलं? कारखान्यात लोखंडी जॉबवर खुणेच्या रेघा मारतो तसं सरळ फोटोवरच सुईचं टोक फिरवलं, रेघ ठळक करायला. जुना कागद तो — वरचा पापुद्राच निघाला. डोळे, नाक, मिश्या, सगळं गेलं.

तेव्हाच सांगायला काय झालं होतं? जीभच रेटली नाही. कॅन्टीनमध्ये मामांसमोर बसून त्यांचाच चेहरा न्याहाळला, तरुण केला आणि पत्र्यावर कोरला. फोटो पाण्यात पडून खराब झाला म्हणालो — पण चेहरा त्याआधीच हुबेहूब उतरवला होता, असंही म्हणालो. मामा चित्र बघून रडले. "अगदी माझ्यासारखेच की!"

चित्र भिंतीवर लावायला मलाच बोलावलं. राजगुरुनगरहून मामांची आत्या आली होती — त्यांच्या वडिलांना पाहिलेलं आता तेवढंच माणूस. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ह्यो माझा दादा न्हाई."

"आत्या, तुला आता दिसत नाही. उगाच काहीतरी बोलू नको," मामा चिडले. बाकीचे हसले. ती माझ्याकडे वळली. "तू सांग बाळा. असाच होता व्हय फोटोत?"

मी म्हणालो, "असाच होता."

तिनं चष्मा काढून ठेवला. पुढच्या वर्षी वारली. शेवटी तिला सख्खा भाऊही ओळखू येईना, असं मामा अजून सांगतात, आणि मी मान हलवतो. तिची नजर शाबूत होती. मला माझी लाज वाटते. मामा रोज त्या चित्राला हात जोडून कामावर येतात, आणि मी त्यांच्या शेजारी बसून डबा खातो.