हंसाच्या वाट्याचं रडणं

हंसाबाई आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावर देवसिंगच्या घरी नांदायला आली ती १९५८ साली. तांड्याची रीत अशी, की बऱ्याच दिवसांनी पाहुणी आली की घरच्या बायांनी तिच्या गळ्यात पडायचं आणि सूर लावून रडायचं. मधल्या काळात कोण गेलं, कोण जन्मलं, ते सारं त्या रडण्यातच सांगायचं. हंसाला ते जमत नसे. अचानक कुणाचं अंग लागलं की तिला भाजल्यासारखं होई. बायांचे सूर, हाडाच्या बांगड्यांचा खडखडाट, ओढणीवरच्या आरशांची तिरीप, सगळं एकदम डोक्यात शिरे. जात्याची एकसुरी घरघर मात्र तिला आवडे. दळणाला तिनं कधी नाही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर सासूची, मानीबाईची, धाकटी बहीण लालीबाई आली. मानीबाईला भेटून, रडून झाल्यावर ती हात पसरून सुनेकडे वळली, आणि हंसा पळाली ती थेट कापसाच्या खोलीत. छातीभर कापसात ती घुसली. आवाज मऊ झाले. चहूबाजूंनी सारखा दाब बसला, तसा श्वास जागेवर आला.

बाहेरचं बोलणं ऐकू येतच होतं.

"पाहुणीले पाठ दाखवते! दगडाची आणली काय वं बाई सून? धाडून दे वापस. देवसिंगले दुसरी पाहू."

हंसा गोठली. हीच रीत शिकवायला माहेरी बाया तिला धरून ठेवत. परत तिथंच?

"तिच्या घागऱ्याचे घुंगरू मी काढले," मानीबाई म्हणाली, "त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवली. दगड असती तं घुंगरू टोचले असते काय?"

"मंग रडाचं कोणी?"

"तिच्या वाट्याचं मी रडतो. ये इकडं."

आणि मानीबाई बहिणीच्या गळ्यात पडून दुसऱ्यांदा रडली. हंसाचा बाप बरा आहे, त्याची गाय व्याली, हंसा जवारी बारीक दळते, असं सगळं सुरात सांगत. लालीबाईला हसू फुटलं.

"रडून राह्यली का कौतुक करून राह्यली वं?"

हंसा राहिली. मानीबाईच्या घरची तीच रीत पडली. तांड्यातल्या बाया थट्टा करीत, "तिच्या घरी जाचं तं पदर कोरडा ठेवजो, दोनदा लागते."

कोणी आलं की हंसा कापसात, कापूस विकल्यावर जात्याआड, दुसऱ्या रडण्याची वाट पाही. त्यात आपलं नाव आलं की पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई. पाणी आधी पाहुणीला द्यायचं, हे तिला ठाऊक होतं. तरी पहिला तांब्या ती सासूपुढेच धरी आणि आईला मारावी तशी हाक मारी,

"याडी, घे. घसा सुकला असन."