मिशी नसलेला जवान

खरं तर मी भिगवणला रोहित पक्षी बघायला निघाले होते. वाटेत माहेर असलेल्या शुभांगीने, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने, गाडीत बसता बसता हुकूम सोडला, "आधी आमच्या गावी. पक्षी कुठे पळून चाललेत?" गावात त्या दिवशी अक्षयच्या पुतळ्याचं अनावरण होतं. अक्षय हा त्यांच्या गावचा जवान सीमेवरच्या लढाईत गेला, हे मला तिच्याकडून माहीत होतं. पुतळा दुसऱ्यांदा बसवतायत, हे मात्र तिने पोटात ठेवलं होतं.

पुण्याहून सोलापूर हायवेने पाटस, तिथून उजवीकडे बारामती. रस्ता उत्तम आहे, पण कारखाने सुरू असताना जाणार असाल तर घाई घरी ठेवून जा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की त्याच्या मर्जीनेच चालावं लागतं. बारामतीत पोटभर मिसळ खाल्ली, तिखट आणि स्वस्त. मग भवानीनगरच्या रस्त्याला लागलो. मळीचा वास यायला लागला तशी शुभांगी म्हणाली, "आलं बघ माहेर."

चौकात मांडव होता आणि चौथऱ्यावर कापडाखाली झाकलेला पुतळा. गावाच्या समितीचे प्रमुख तात्या खुर्च्या लावून घेत होते. दुसऱ्यांदा का, असं मी सरळच विचारलं.

"चूक आमचीच," तात्या म्हणाले. "मूर्तिकाराला फोटू दिला, त्यात पोराला मिशी न्हवती. आमी म्हणलो, जवान हाय, मिशी पायजेच. चांगली झुपकेदार बसीव."

"मग?"

"मागल्या वर्षी कापड काढलं. त्याच्या आईनं बघितलं आन् म्हणली, ह्यो माझा न्हाय. गेली घरी. तवापासनं ह्या चौकात पाय ठेवला न्हाय तिनं. रानात जायची ती बी वढ्याच्या अंगानं, वळसा घालून."

आजूबाजूला पाहिलं, तर समितीतल्या एकूण एक माणसाला भरघोस मिशी, तात्यांची तर पीळदार. चूक कशी झाली ते सांगायची गरज नव्हती. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. गावाने पुन्हा वर्गणी काढून नवा पुतळा घडवून घेतला होता. घडवताना आईला दाखवायला बोलावलं, तर ती गेली नाही. आज येईल की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"न्हाय आली तर?" शुभांगीने विचारलं.

"तर कापड काढायचं न्हाय," तात्या म्हणाले. "आईला पटत न्हाय त्यो पुतळा गावानं मिरवायचा कशापायी?"

पाहुणे आले, तुतारी वाजली, भाषणं सुरू झाली. तात्यांचं लक्ष सगळं रस्त्याकडे. शेवटी बायांच्या घोळक्यातून अक्षयच्या आई आल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, नजर खाली. तात्यांनी पाहुण्यांच्या हातातली दोरी काढून घेतली आणि आईंच्या हातात दिली. पाहुण्यांना काय वाटेल याची त्यांनी फिकीर केली नाही, आणि मला तात्या मनापासून आवडले.

कापड खाली आलं. गुळगुळीत ओठांचा, जरा बाहेर आलेल्या कानांचा एक मुलगा. आई पायऱ्या चढून गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग दोन्ही तळवे त्याच्या गालांवरून फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली. परीक्षेला निघालेल्या लेकराची दृष्ट काढावी, तशी.

"ह्यो माझा अक्षू," त्या म्हणाल्या.

तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग सगळे त्या बाईंना मधे घेऊनच जेवायला बसले. आमटी-भात आणि बुंदी, पंगतीत आग्रह एवढा की भिगवणला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. पक्षी दिसले, लांबून, आणि सुंदरही होते.

घरी आल्यावर सासूबाईंना फोटो दाखवत होते. पक्ष्यांचे भराभर पुढे ढकलत त्या पुतळ्याच्या फोटोवर थांबल्या.

"हा कोण गं?"

"जवान होता. लढाईत गेला."

त्यांनी चष्मा नीट केला, फोन जवळ धरला. "अगं, पण हा तर केवढासा आहे," म्हणाल्या, आणि पुढचे फोटो बघायचे राहूनच गेले.