पुलापलीकडचे गठ्ठे

शर्टांच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं चेकर होती. शिवून आलेला माल तपासायचा, चूक दिसली तिथं खडूची खूण करायची आणि गठ्ठा परत पाठवायचा. काम एवढंच, पण तिच्या खडूला अख्खा मजला वचकून असे. सगळ्या तिला मावशी म्हणत. घरी नवरा थट्टा करायचा, की ही बाई मला जेवायला वाढतानाही आधी सदऱ्याचे टाके मोजते.

मावशी कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती. फक्त पुलापलीकडच्या वस्तीतल्या बायांबद्दल तिचं मत ठरलेलं होतं: हात घाईचा, काम कच्चं. तिच्या तपासणीच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त चुका त्यांच्याच नावावर होत्या, मग शंका कसली? त्यांतल्या एकीला, बाह्या जोडणारीला, कॉलरच्या मशीनवर घ्यायचं दोनदा घाटत होतं. कॉलर म्हणजे मानाचं काम, पगारही जास्त. दोन्ही वेळा सुपरवायझरने मावशीला विचारलं आणि दोन्ही वेळा मावशीने नको असा शेरा लिहून दिला.

मग गठ्ठ्यांवर शिवणारीच्या नावाची चिठ्ठी लावणारा कारकून आजारी पडला. सुपरवायझरने गठ्ठ्यांवर नावांऐवजी नुसते आकडे टाकले. कुठला आकडा कुणाचा, ते त्याच्या डायरीत.

पहिलाच गठ्ठा हातात घेऊन मावशी अडली. वरचे दोन-चार नग पाहून सोडायचा, की एकूण एक उलटा करायचा? इतकी वर्षं हे आपण नावावरून ठरवत होतो, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. पुलापलीकडच्यांची प्रत्येक शिवण ती उसवायच्या बेताने ताणून बघायची. चुका तिथंच सापडायच्या, कारण ती तिथंच शोधायची.

त्या दिवशी तिने सगळेच गठ्ठे सारखे तपासले. संध्याकाळी डायरी उघडली. सगळ्यात जास्त खुणा तिच्या सख्ख्या भाचीच्या गठ्ठ्यावर होत्या. तिला कामाला लावलं होतं मावशीनेच. एकही खूण नसलेला गठ्ठा एकच होता, बाह्या जोडणारीचा. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला सांगितलं, की माझे दोन्ही शेरे चुकीचे होते, ते बदला.

तो हसला. "अहो मावशी, एखादा गठ्ठा निघतो चांगला. त्या लोकांचा हातच घाईचा, तुम्हीच म्हणता ना?"

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिचे कान तापले. पण ती हलली नाही. नवा शेरा लिहूनच उठली, आणि यापुढे गठ्ठ्यांवर आकडेच टाका, असंही सांगून आली. महिन्याभरात ती बाई कॉलरच्या मशीनवर बसली.

जेवणाच्या सुट्टीत मावशी नळापाशी तिच्याजवळ गेली. आपण काय केलं, ते काही न लपवता सांगितलं. म्हणाली, "चुकलं माझं."

बाई डबा विसळत होती. "मला माहीत होतं," ती शांतपणे म्हणाली. "माझा गठ्ठा आला की तुम्ही चष्मा लावायचात. बाकीच्यांना नाही."

बाईने डबा पुसला, झाकण लावलं आणि ती आपल्या मैत्रिणींत जाऊन बसली.

त्यानंतर मावशीने तिथं आणखी तीन वर्षं काम केलं. ती बाई समोरून गेली की मावशीची मान आपोआप खाली जायची. बाई कधी वाकडं बोलली नाही. कामापुरतं बोलायची, तेवढंच.