मापापुरतं माणूस

अर्ध्या चढणीवर केझायाबाई एका ओंडक्यावर टेकल्या आणि बुटातला खडा झटकू लागल्या. खाली पोर्ट हार्लोचं बंदर पसरलं होतं. धक्का, लोकरीच्या गठ्ठ्यांची गोदामं, शिडं उतरवलेली दोन जहाजं. डेलियाने तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाईंच्या घरी कपडे धुवायला जाता-येता हे सगळं तिने फोटोंत इतक्यांदा पाहिलं होतं, की खरं बंदरच तिला नक्कल वाटायचं.

"दमला असाल तर फिरू या मागे. विंगेटचं काचघर काही पळून जात नाही."

"काच नाही गं पळत. काचेवरचं पळतं." केझायाबाईंनी बूट चढवला. "आणि तू मघापासून ती जपमाळ ओढत्येस, तर तुमच्या मेरीमातेला म्हणावं, चार पावलं या म्हातारीच्याही वाटची चाल."

"का? तुमच्या चॅपलातल्या देवाला पाय नाहीत वाटतं?"

"आहेत की. पण तुमच्या आयर्लंडवाल्यांसारखा घोटभर घेऊन निघत नाही ना तो, म्हणून जरा सावकाश येतो."

डेलिया खळखळून हसली. बाईही हसल्या, पण त्यांचं हसणं ओठांवरच थबकलं. थर्झा गेल्यापासून असंच व्हायचं.

थर्झा त्यांची एकुलती एक लेक. घटसर्पाने गेली, विशीच्या आतच. तिच्यामागून वर्षाच्या आत बाप गेला. एनॉक ट्रेम्बाथ म्हणजे त्या किनाऱ्यावरचा नावाजलेला फोटोवाला. बंदरं, डोंगर, धबधबे, नवी वसलेली गावं, सगळं त्याने काचेवर उतरवलं आणि इंग्लंडातल्या लोकांनी ते विकत घेऊन दिवाणखान्यात लावलं. पण त्या फोटोंमागे राबली केझाया. कॉर्नवॉलहून जहाजाने आलेली ही पोर लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून नवऱ्याची कॅमेऱ्याची गाडी ढकलत होती, ओढ्यावरून पाणी आणत होती, काळ्या तंबूत गुदमरत काचेवर औषध ओतत होती. फोटोच्या कागदाला अंड्यातला पांढरा बलक लागे. पिवळा टाकायचा कसा? म्हणून ट्रेम्बाथांकडे बारा महिने केक. "पोर्ट हार्लोत सोनं निघालं नाही, ते ट्रेम्बाथांच्या केकात निघालं," असं गाव म्हणायचं. हात औषधाने कायमचे काळे. रविवारी चॅपलात बाई हातमोजे काढत नसत.

एनॉकचा एक नियम होता. नुसत्या डोंगराला उंची नसते, नुसत्या झाडाला घेर नसतो. शेजारी माणूस हवं. पण चेहरा आला की बघणारा चेहराच बघतो, डोंगर बघत नाही. म्हणून माणूस पाठमोरं. "मापापुरतं," तो म्हणायचा. आधी केझाया उभी राहायची. थर्झा दहा वर्षांची झाल्यावर ती राहू लागली. भिंगावरचं झाकण निघालं की दगड व्हायचं. बोलायचं नाही, वळायचं नाही. जो हलला तो धूर होऊन काचेवर उमटणार, आणि काच वाया.

थर्झा कधी हलली नाही. गुणी पोर. शेकडो फोटोंत ती आहे. धबधब्याखाली, धक्क्यावर, नव्या चर्चच्या पायरीशी. वेणी कमरेखाली गेलेली दिसते, झगे बदललेले दिसतात. चेहरा एकातही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "येत्या नाताळात नीट बसवून काढू," असं बाप दर वर्षी म्हणायचा, आणि दर नाताळात कुणातरी पैसेवाल्याचं कुटुंब येऊन बसायचं.

एकदाच ती वळली होती. खालच्या नेच्याच्या दरीत. तिथले नेचे माणसाच्या दुप्पट उंच, म्हणून मापाला थर्झा. झाकण निघालेलं होतं आणि केझायाबाई मागे चूल पेटवून बसल्या होत्या. इतकी वर्षं त्या कामात मुरलेल्या, पण त्या दिवशी देव जाणे काय झालं, डब्यातलं पाणी उकळलं आणि त्यांच्या तोंडून गेलंच, "थर्झा, चहा झाला गं!" आणि पोर वळली.

एनॉकने ती काच वाया गेलेल्यांच्या ढिगात टाकली. तो ढीग भाजीपाला पिकवणाऱ्या विंगेटने रोपांच्या काचघरासाठी नेला; वरचं चित्र घासून काढलं की साधी काच.

आणि गेल्या रविवारी चॅपलबाहेर विंगेट सहज बोलून गेला होता, "मागच्या रांगेतल्या काचा मी अजून घासल्या नाहीत, बाई. चित्रांमुळे कोवळ्या रोपांना जरा सावली मिळते." बाईंनी तो आठवडा कसा काढला, ते डेलियाला ठाऊक होतं. एकच चादर त्यांनी तीनदा धुवायला दिली होती.

चढण संपून काचघर आलं, तसा विंगेट मातीच्या हातांनीच पुढे आला. "बघा तुम्हीच. मला तर सगळी भुतंच दिसतात."

काचघरात ओल होती, काकडीच्या रोपांचा वास होता. मागच्या भिंतीवरच्या काचांत उन्हात बंदर उभं होतं, पण काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होऊन. आकाश काळं, समुद्र काळा, जहाजांच्या सावल्या कोऱ्या. बाई एकेक काच बोटाने पुसत सरकत राहिल्या. डेलियाने मनातल्या मनात जप धरला. खालच्या ओळीत, कोपऱ्याला, नेचे दिसले.

"ही," बाई म्हणाल्या. आवाज असा की विंगेटने टोपी काढली.

काचेवर झगा होता, पाय होते. वर नुसता काळा डाग. बाईंनी अंगावरची सुतकाची काळी शाल उतरवली. "विंगेटसाहेब, बाहेरून ही काचेला लावून धरा. मागे काळं आलं की काच सुलटी दिसते."

"बायकोनेसुद्धा माझ्याकडून कधी कपडे वाळत घालून घेतले नाहीत," असं पुटपुटत तो बाहेर गेला. शाल काचेला टेकली. नेचे उजळले. झगा फिकट झाला, वेणी गडद झाली, आणि डाग पांढरा झाला.

पण तो चेहरा नव्हता. वेणीपासून खांद्यापर्यंत ओढलेला धुराचा पट्टा होता. त्यात डोळे शोधले तर नव्हते, तोंड शोधलं तर नव्हतं. डेलियाला वाटलं, बाई आता कोसळतील. तिने त्यांच्या कमरेला हात घातला.

बाई पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ऐकलंन् मात्र तिने मला."

काचा बसवायचं लुकण खरवडायची पट्टी घेऊन विंगेट आत आला. "काढून देतो, बाई. घरी न्या." पट्टीचं टोक कडेला लागलं मात्र, ओलीने सुटलेला चित्राचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा उचलला गेला. नेच्याचं एक पान त्याच्या नखाला चिकटून आलं.

"नको!" बाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे. इथेच राहू दे. रोपांना सावली होते म्हणालात ना?"

त्याने देऊ केलेल्या काकड्या डेलियाने एप्रनात घेतल्या. परतताना बाई आल्या वाटेने न उतरता दरीकडे वळल्या. डेलियाने विचारलं नाही. तिची आई समुद्रापार कुठे पुरली होती हेही तिला माहीत नव्हतं. न विचारण्याचं मोल तिला कळत होतं.

दरीत ओढा वाहत होता. काठावरच्या वॉटलच्या झाडांची पिवळी फुलं पाण्यावर पडली होती. जुन्या चुलीचे तीन दगड अजून तसेच, शेवाळलेले. बाई त्या दगडांपाशी बसल्या, शाल मांडीवर घेतली, आणि तिची घडी करत बोलल्या.

"डेलिया, माझं एक करशील? हसू नकोस. तू त्या मोठ्या नेच्यापाशी जा, आणि पाठ करून उभी राहा. अगदी दगड. मी हाक मारीन. तिच्या नावाने मारीन, मनाला लावून घेऊ नकोस. हाक आली की वळ. आणि बाई गं, वळून झालं ना, की मग हलू नकोस."