सहासष्टचा ताप

मला कॉम्प्युटरची भीती कशी वाटली नाही, असं नाती विचारतात. भीती वाटायला थोडी तरी अक्कल लागते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्याकडे बी. ए.ची पदवी होती आणि अक्कल जवळजवळ नव्हती, म्हणून बरं जमलं.

आमचं घर गंगापूर रोडच्या बाजूला, मागे दोन बिघ्यांत गुलाब, कडेनं झेंडू. यजमान पहाटेच फुलं घेऊन मार्केटला जायचे. मुलानं इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी म्हणून कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. अभ्यास किती झाला ते देव जाणे, पण त्यात गेम सतरा भरलेले होते. पुढे तो नोकरीला बंगलोरला गेला आणि यंत्र मागे राहिलं. मी त्याला झालर लावलेलं कव्हर शिवलं आणि दुपारी कव्हर काढून एकच गेम खेळायला लागले. एक लाल गाडी, समोर रस्ता, दोन्हीकडे झाडं, मध्येच ट्रक. बाणांच्या बटणांनी गाडी वाचवायची. जितकं लांब जाल तितका वर आकडा वाढतो. बाकी त्यात काही नाही. पण मला वाटायचं, मी देशाचं काहीतरी करते आहे.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या सत्तरीच्या पुढे होत्या. वर्षातले सहा महिने आमच्याकडे, सहा महिने धाकट्या दिरांकडे चांदवडला, असा त्यांचा मुक्काम ठरलेला. आमच्याकडे असल्या की दुपारी माझ्या शेजारी बसून झेंडूच्या माळा ओवायच्या आणि पडद्याकडे बघायच्या. अक्षर त्यांना येत नव्हतं, पण आकड्यांना त्या पक्क्या. उभा जन्म बाजारात फुलं विकण्यात गेलेला. एक दिवस म्हणाल्या, "दे की जरा. माझी काय बोटं झडली का?"

मी मोठ्या मनानं शिकवलं. आठ दिवसांत त्या माझ्या पुढे गेल्या. महिन्याभरात एवढ्या पुढे गेल्या की त्यांचा आकडा गाठायचा म्हणजे मला अगदी पुनर्जन्मच घ्यावा लागला असता.

आता इथे माझ्या विद्वत्तेचा भाग येतो. त्या यंत्राच्या पेटीवर पुढच्या बाजूला लाल दिव्यांत दोन आकडे दिसायचे, सहासष्ट. त्याखाली एक छोटं बटण. ते दाबलं की आकडे तेहतीस व्हायचे, पुन्हा दाबलं की सहासष्ट. मुलाला फोन करून विचारता आलं असतं. पण पदवीधर बाईनं विचारायचं कशाला? मी विचार केला आणि निष्कर्ष काढला, हा यंत्राचा ताप आहे. सहासष्ट म्हणजे चढलेला, तेहतीस म्हणजे उतरलेला. आणि बटण म्हणजे औषध. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी हे शेजारणींना समजावून सांगितलं, कैरीची डाळ वाढता वाढता. त्यातल्या दोघी मान डोलवत होत्या. उन्हाळ्यात मी घरातला एकुलता एक टेबलफॅन यंत्राकडे वळवला आणि यजमानांना सांगितलं की तुम्ही ओट्यावर बसा, तिथे वारा छान येतो.

आत्याबाईंनी माझं बोलणं लक्षपूर्वक ऐकलं. तेव्हापासून त्यांची खेळायची पाळी आली की पेटीला हात लावायच्या, चुकचुकायच्या, म्हणायच्या, "लय तापलं गं. निवू दे जरा." बटण दाबायच्या, तेहतीस करायच्या आणि खेळायला बसायच्या. त्यांचा खेळ संपला की पुन्हा बटण दाबायच्या. "आता घे तू. लय गार पडलं तर बसंल ते, पंपावानी."

सहासष्ट व्हायचं आणि माझी गाडी तिसऱ्या झाडाला जाऊन भिडायची.

निवलेलं यंत्र माझ्याच पाळीला पुन्हा तापवायचं कशाला, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही. उलट मी माझ्या बहिणीला कौतुकानं सांगितलं होतं की आमची म्हातारी यंत्राला लेकरासारखी जपते.

त्या वर्षी पितृपक्षात आत्याबाईंनी माळ ओवता ओवता बॉम्ब टाकला. "भाऊबीज झाली की मी चांदवडला जानार. हे डबडं संगं नेते."

"कशाला? तिथे कोण खेळणार?"

"मी. मी काय तिथं जाऊन कांदेच मोजू का? सहा महिने हात ऱ्हातील का माझे?" मग सुईतला दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "जिचा आकडा मोठा, तिचं यंत्र. भाऊबीजेपोतर माझ्या म्होरं जाऊन दाखीव, मी इथंच ठिवते."

यजमान ताबडतोब हो म्हणाले. त्यांना ते टेबल फुलांच्या टोपल्यांसाठी हवं होतं.

तर असं होतं. भाऊबीजेच्या आत मला सासूला हरवायचं होतं, नाहीतर माझ्या दुपारी चांदवडला जाणार होत्या. मी कंबर कसली. स्वयंपाक सकाळीच उरकायला लागले. बोटांना तेल लावून चोळलं. तरी गाडी तिसऱ्या झाडाला. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, तशी मी अंगणाची तपासणी सुरू केली. मुलाला फोन लावला की यंत्र म्हातारं झालंय, गाडी माझं ऐकत नाही. तो म्हणाला, आई, मग मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलून घे, नवीन फार फास्ट आले आहेत. मला ते पटलं. म्हातारी माणसं बदलता येत नाहीत, निदान मदरबोर्ड तरी बदलू.

दसऱ्याला आमच्याकडे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, झेंडूचा तो एकच दिवस. तो उलटल्यावर मी कॉम्प्युटरवाल्यांना बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता हे. चेहरा सदैव असा, की जणू कुणाच्या तरी दहाव्याला आले आहेत. जुन्या पेटीत नवा बोर्ड बसत नाही म्हणून नवी कोरी पेटी सोबत घेऊन आले.

पहिल्यांदा त्यांनी मला खिडकीचे गज धरायला लावले. "अंगातला करंट उतरू द्या ताई, नाहीतर बोर्ड जातो." मी गज धरले. आत्याबाईंनी धरले. त्यांनी यजमानांनाही हाक मारली, "ये रे, तूबी धर." यजमान पायातल्या चिखलासकट आले आणि काहीही न विचारता गज धरून उभे राहिले. देवळात रांग लागावी तसे आम्ही तिघं.

मग हिरवी पाटी निघाली, तीच मदरबोर्ड. त्यावर बोटाएवढी उभी-आडवी घरं, आणि मध्ये चौकोनी खाच. त्या खाचेत त्यांनी प्रोसेसर ठेवला, अगदी अलगद. त्याला खाली केसासारखे बारीक पाय होते. वर पांढरा लेप लावायची नळी उघडली तर ती वाळलेली. ते नळी पिळत राहिले. आत्याबाईंनी कनवटीची डबी काढून पुढे केली. "चुना हाय. ताजा भिजवलेला."

"नको आजी, हा वेगळा असतो."

"आमचा काय वाईट हाय? चाळीस वर्सं खाते मी."

शेवटी नळी फाडून त्यांनी खरवडून लेप काढला. पंखा बसवला, तारा जोडल्या. माझं लक्ष मात्र नव्या पेटीच्या तोंडाकडे. तिथे आकडेच नव्हते.

"भाऊ, याला आकडे नाहीत?"

"आता येत नाहीत ताई."

"मग ताप कसा कळायचा?"

"कुणाचा?"

"याचा. जुन्याला सहासष्टपर्यंत चढायचा. बटण दाबलं की तेहतिसावर यायचा."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटतं त्या माणसाच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी हललं. "ताई, तो ताप नाही. तो वेग. जुने गेम फार जोरात पळायला लागले की ते बटण दाबायचं. यंत्र निम्म्या वेगानं चालतं, गेम हळू होतो."

खोलीत फक्त आत्याबाईंच्या सुईचा आवाज येत होता. तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा घाईनं.

"आत्याबाई."

"काय गं."

"ऐकलंत?"

"मला काय कळतंय त्यातलं. तूच म्हनली व्हती, ताप हाय म्हनून. शिकल्या-सवरल्या मानसाचं ऐकावं आपन."

"तुमच्या वेळी तेहतीस. आणि माझ्या वेळी मुद्दाम सहासष्ट."

"तुला ताप सोसतो," त्या म्हणाल्या. "तरणी हाईस."

यजमान तोंड फिरवून बाहेर गेले. गुलाबांत उभे राहून त्यांचे खांदे किती वेळ हलत होते ते मी खिडकीतून बघितलं.

मी म्हटलं, हरकत नाही. आता नवं यंत्र, बटणच नाही, दोघींना सारखा न्याय. कॉम्प्युटरवाल्यांनी पडदा नव्या पेटीला जोडला, गेम सुरू केला आणि मी ताठ बसले. गाडी दिसली. पुढच्या क्षणी खेळ संपल्याची पाटी आली. मी अजून बाणावर बोटही ठेवलं नव्हतं. पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. मधली गाडी, झाड, रस्ता यांपैकी काहीच डोळ्यांना दिसत नव्हतं, नुसतं एक लाल फर्रकन आणि संपलं. जुन्या गेमला नवा प्रोसेसर झेपत नाही, असं ते गृहस्थ म्हणाले. हा जिथे सहासष्टवर पळायचा तिथे आता त्याच्या कितीतरी पट पळतो.

"आणि हळू करायचं बटण?"

"तेच तर आता येत नाही ताई."

म्हणजे माझ्या हट्टानं आलेल्या यंत्रावर आत्याबाईंचा विक्रम जगाच्या अंतापर्यंत सुरक्षित झाला होता. मी तो तोडू शकत नव्हते, त्याही नाही, कुणीच नाही.

भाऊबीज झाली. आत्याबाईंनी बोचकं बांधलं आणि यंत्राकडे बोट केलं. मी म्हटलं, फसवून जिंकलेलं जिंकलेलं धरत नाहीत. त्या म्हणाल्या, आकडा आकडा असतो. दीर न्यायला आले होते, त्यांचा पिकअप बाहेर उभा. दोघा भावांनी चहा पिता पिता प्रकरण ऐकलं आणि शेतकऱ्याच्या घरात कुठलंही भांडण ज्या एका रस्त्यानं सुटतं त्याच रस्त्यानं सोडवलं. वाटणी.

यजमान चुलीपुढच्या पाटावर पंचासारखे बसले. नवी पेटी मी आणलेली, म्हणून माझी. जुनी पेटी, तिच्यातला जुना बोर्ड, आकडे आणि बटणासकट, आत्याबाईंची. गेम कॉम्प्युटरवाल्यांनी आधीच फ्लॉपीवर उतरवून दिला होता, जुनी पेटी तेवढ्यावर चालते म्हणाले होते. ती फ्लॉपीही त्यांचीच. राहिले दोन नग, पडदा आणि कीबोर्ड. मी म्हटलं, दोन्ही नव्या पेटीबरोबर राहतील. आत्याबाई म्हणाल्या, बांध दोघांत पडतो, एका बाजूला नाही. दीर म्हणाले, "वयनी, एकेक घ्या ना." आणि आईला मोठी वस्तू द्यायची रीत म्हणून पडदा त्यांना गेला, कीबोर्ड मला आला.

त्या चौघांत बी. ए. झालेली मी एकटीच. तरी मला तेव्हा हा निवाडा बरोबर वाटला. पिकअप वळणावर दिसेनासा झाला आणि मी घरात येऊन नव्या, सगळ्यात वेगवान पेटीसमोर कीबोर्ड मांडून बसले. समोर भिंत होती.

पंधरा दिवस मी धीर धरला. मग चांदवडहून फोन आला. "गं, हे डबडं चालू व्हतंय, पर गाडी वळवायची कशानं?"

"कशानं म्हणजे? कीबोर्डनं. तो माझ्या वाटणीचा आहे."

"घिऊन ये मग. कांदा काढनी चालूच हाय, आल्यावानी चार दिस ऱ्हा."

मी यजमानांना सांगितलं की आत्याबाईंना बरं वाटत नाही. कीबोर्ड नऊवारीच्या घडीत गुंडाळून पिशवीत ठेवला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, काय हो, पेटी वाजवता का? मी हो म्हटलं.

दिरांच्या घरी ओसरीवर कांद्याच्या गोण्यांवर यंत्र मांडलेलं. आत्याबाई माझीच वाट बघत होत्या, पण तसं दाखवलं नाही. मी आधी अट घातली. बटण दाबून तेहतीस केलं आणि त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी उभी-आडवी लावली. "आता कुणी हात लावायचा नाही. दोघींना एकच ताप."

"लाव की दोन पट्ट्या. मला काय त्याचं."

मी आधी बसले. रस्ता इतका निवांत सरकत होता की झाडांची पानं मोजावीत. तीन वर्षांत पहिल्यांदा मी चौथं झाड बघितलं, पाचवं बघितलं, एक नदी आली, तिच्यावर पूल होता. या गेममध्ये नदी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी पुलावरून गेले. आत्याबाईंनी कांदे निवडायचं थांबवलं. मी त्यांच्या विक्रमाच्या निम्म्यापर्यंत पोहोचले आणि नदीच्या पुढच्या घाटात, कुणाच्याही मदतीशिवाय, माझ्या माझ्या बुद्धीनं, सरळ दरीत गेले.

पुन्हा खेळले. दरीत. पुन्हा खेळले. त्या वेळी पुलावरूनच खाली.

त्यांनी हात पुसले, मला बाजूला सारलं आणि पट्टीला न शिवता, मध्येच धाकट्या सुनेला भाजी ढवळायला सांगत, घाट पार केला, पलीकडचं गाव पार केलं आणि आपलाच जुना आकडा मागे टाकला.

मी म्हटलं, "आत्याबाई, मग तुम्ही इतकी वर्षं ते बटण दाबायचात कशाला? तसंही जिंकला असतात."

त्यांनी डबीतला चुना तळहातावर घेतला, तंबाखू घेतली, निवांत मळली. "तू लय मनाला लावून घेती," त्या म्हणाल्या. "हरलीस तर यंत्रावर राग काढता यावा, म्हनून."

चार दिवसांची मी अकरा दिवस राहिले. येताना कीबोर्ड तिथेच विसरले, आणि हे मी यजमानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरं झालं, टेबल मोकळं झालं.